गोळी चारची, चहा सहाचा

सोमवार, दिनांक ९ जानेवारी २०२३. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. कारखान्याच्या तिसऱ्या शेडमध्ये वीस-वीस किलोची पन्नास प्रमाणित वजने एका लोखंडी चौकटीत रचून ठेवलेली होती. आणि छताखालच्या क्रेनच्या काचेच्या केबिनमधून क्रेनचालिकेला खाली उभ्या असलेल्या माणसाचे फक्त पिवळे हेल्मेट दिसत होते.

तो वजनकाटे तपासणारा. क्रेनच्या हुकाला जोडलेला काटा खरे बोलतो की खोटे, याचा निवाडा करण्यासाठी तो आला होता. वॉकीटॉकीवर तो म्हणाला, "मॅडम, सावकाश उचला हं. घाई केली की काटा गांगरतो."

"काटा गांगरतो, की काटेवाले?" वरून उत्तर आले.

खालून आवाज आला, "दोघंही. पण काट्याला निदान लाजावं लागत नाही."

तिने तो एक टनाचा भार उचलला आणि इतक्या हलक्या हाताने परत टेकवला, की चौकटीतले एकही वजन खुळखुळले नाही. पिवळे हेल्मेट वर वळले. त्याखाली एक हसरा, थोडासा चकित चेहरा होता.

शिडी उतरून ती खाली आली, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही वजनं ठेवत नाही… निजवता."

"आणि मला वजनकाट्यांचा मनापासून राग आहे."

"का हो? बिचारा काय करतो तुमचं?"

"खरं बोलतो — तेही चारचौघांत!"

तो मोकळेपणाने हसला. ती हसली, पण कारण सांगितले नाही.

कारण साधे होते आणि सांगायला अवघड. पूर्वी ती दुसऱ्या एका कारखान्यात भांडाराच्या खिडकीशी बसत असे. क्रेन चालवण्याचे शिक्षण घेतलेले होते, हात स्थिर होता, नजर पक्की होती. पण केबिनच्या अरुंद शिडीवरून तो देह चढत नव्हता. पुढे तिने वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरांनी जठराची मुठीत मावेल एवढी थैली केली आणि आतड्याचा पहिला भाग वगळून अन्नाला पुढची वाट काढून दिली. वर्षभरात देह निम्म्यावर आला, नवी नोकरी मिळाली, आणि ती छताखालच्या त्या काचेच्या खोलीची मालकीण झाली. मात्र अन्नातले लोह बहुतांशी ज्या भागात शोषले जाते, नेमका तोच भाग आता वळसा घालून मागे राहिला होता. म्हणून लोहाची गोळी जन्मभराची.

गोळीचे वेळापत्रक घरात वहिनीने बसवले होते. कॅल्शियम सकाळी आणि रात्री. लोह दुपारी चारला, लिंबूपाण्याबरोबर. मागेपुढे दोन तास दूध नाही, चहा नाही, कॉफी नाही. "वन्सं," वहिनी बजावीत असे, "लोह आणि दूध म्हणजे सवती. एका घरात नांदायच्या नाहीत."

काटेवाल्याला कारखान्याचे वर्षभराचे काम मिळाले. आणि दुसऱ्याच आठवड्यात दुपारी चार वाजता तो उपाहारगृहात दोन कप घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"दूध जरा जास्त घालून आणलंय. तुम्ही चिमणीएवढं खाता."

"पाळत ठेवता वाटतं?"

"मोजमाप करणाऱ्याची सवय आहे… जाता जात नाही."

आता या माणसाला 'नको' कसे म्हणायचे? म्हटले तर 'का' येणार, आणि 'का'च्या मागोमाग सगळा भूतकाळ. तेव्हा तिने एक युक्ती केली. दाराजवळच्या नळावर पाठमोरी उभी राहून ती गोळी गिळी, ओठ पुसी आणि येऊन चहाला बसे. गोळी एक दिवसही चुकली नाही. चहाही नाही.

हळूहळू 'तुम्ही'चे 'तू' झाले. कप रिकामे झाले तरी दोघे उठत नसत. ती ग्लासातला बर्फ कडाकडा चावी आणि तो कानांवर हात ठेवी.

"दात आहेत की खडी फोडायचं यंत्र?"

"सांभाळून बोल. उद्या तुझा काटा चावेन."

बर्फाची ती अनावर ओढ हीच रक्तातले लोह आटल्याची खूण असू शकते, हे दोघांच्याही गावी नव्हते. मार्च सरता सरता ती शिडीच्या मध्यावर थांबू लागली. छातीत धडधड, हात गार, डोळ्यांपुढे काजवे. एप्रिलमध्ये कारखान्याच्या डॉक्टरांनी वार्षिक तपासणी केली. हिमोग्लोबिन नऊच्या घरात.

"अकराच्या खाली असलं तर उंचीवरचं काम देता येत नाही," ते म्हणाले. "उद्यापासून जमिनीवर. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. तेव्हाही कमी आलं, तर केबिन दुसऱ्याला द्यावी लागेल."

एवढ्या कष्टाने चढलेली शिडी पायांखालून निघून जात होती. ती थेट आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली.

"गोळ्या चुकल्या?"

"एकही नाही."

"कशाबरोबर घेतेस?"

"पाण्याबरोबर… आणि मग लगेच…" ती अडखळली. "चहा."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे घोडं इथे पेंड खातंय! अगं, गोळी पोटात जाते, पण चहा आणि दूध तिला रक्तापर्यंत जाऊ देत नाहीत. तुझी वाट आधीच अर्धी बंद. उरलेलीही तू स्वतःच अडवलीस. इतकं माहीत असून असं का केलंस?"

या प्रश्नाचे उत्तर पिवळे हेल्मेट घालीत असे. ते तिने दिले नाही.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. तिने चहाला जाणे बंद केले — आणि कारणही सांगितले नाही. जमिनीवरचे काम म्हणून तिला इथेही भांडारच मिळाले होते; सहाव्या दिवशी काटेवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कप नव्हते.

"काही चुकलं का माझं? चुकलं असेल तर तोंडावर सांग. असं मुकाट बाजूला सारू नकोस."

"तुझं नाही रे. तुझ्या चहाचं चुकलं."

"इतका वाईट होता?"

तिला हसू आले, आणि त्या हसण्याबरोबर डोळेही भरले. मग तिने सगळे सांगितले — भांडाराची खिडकी, न चढता आलेली शिडी, शस्त्रक्रिया, नळावरची चोरटी गोळी. शेवटी म्हणाली, "दीड टनाचा माल डोळे मिटून उचलते मी. पण माझं जुनं वजन तुला सांगायला… जीभ उचलत नव्हती."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे तीन महिने मी रोज, वर दूध जास्त घालून, तुझं रक्त आटवत होतो?"

"प्रेमाने आटवत होतास."

शब्द तोंडून निघून गेला होता. ती कानापर्यंत लाल झाली. आणि रक्त कमी असूनही माणूस इतका लाल होऊ शकतो, याचे त्याला मोठे नवल वाटले.

"हे बघ," तो घसा साफ करीत म्हणाला, "चारला गोळी आणि लिंबूपाणी. मी समोर बसेन, मीही तेच पिईन. चहा सहाला, फाटकाबाहेरच्या टपरीवर. मधे पुरते दोन तास."

"म्हणजे रोज दोनदा भेटायचं?"

"औषधाचा नियम आहे. माझा काय इलाज!"

घरी वहिनीने हे ऐकले आणि लिंबे दुप्पट आणायला सुरुवात केली. "एकाच्या जागी दोन ग्लास, वन्सं? तुमची गोळी भलतीच मोठी झाली म्हणायची!"

मे गेला, जून गेला. बर्फाची ओढ आपोआप सुटली. संध्याकाळी फाटकापासून टपरीपर्यंत ती त्याच्या पुढे चालू लागली, आणि तो "अगं, जरा हळू" म्हणू लागला. तरीही जुलैतल्या त्या सकाळी, रक्ताच्या अहवालाचे बंद पाकीट हातात घेऊन ती दवाखान्याच्या बाकावर बसली आणि ते उघडायचे टाळत राहिली.

तो शेजारी बसला. "उघडायच्या आधी एक विचारू? आत काहीही असो… तू वर असलीस किंवा जमिनीवर… माझ्याशी लग्न करशील?"

"आकडा बघून विचार ना. घाई कसली?"

"आकडे बघणं माझं पोटापाण्याचं काम आहे. हे त्यात बसत नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आजवर तिचे प्रत्येक सुख आधी कुठल्या ना कुठल्या काट्यावर चढून मगच तिच्यापर्यंत आले होते. तिने पाकीट उलटे करून मांडीवर ठेवले.

"करीन," ती म्हणाली. "पण चहा मी करणार. तुझ्या हातात दुधाचं भांडं द्यायची सोय नाही."

"कबूल!"

मग दोघांनी मिळून पाकीट उघडले.

हिमोग्लोबिन : १२.४.