थोडा वेळ थांबा

मुधोळच्या वाचनालयातून आलेल्या त्या पत्राला उद्धवने उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. लिहिणारीचं नाव दमयंती. त्याआधी कु. लिहावं की सौ., हेच त्याला ठरवता आलं नाही. पुढे 'सप्रेम नमस्कार' लिहिताना तर 'सप्रेम'वरच त्याची कानशिलं तापली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पत्र उशाखालीच राहिलं.

तसं पत्र साधंच होतं. निर्मल गावच्या कॉलेजात शिकवणाऱ्या उद्धवने वाचनालयांसाठी 'ग्रंथपेटी' नावाचा संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. फुकट, सोर्स कोडसकट. कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. लोकांनी घेतला, बदललाही. माहितीपुस्तिका मात्र पहिल्या दिवशी होती तशीच राहिली. तिच्यात लिहिलं होतं, पुस्तकांची यादी छापायला एफ-फाइव्ह दाबा. नव्या ग्रंथपेटीत एफ-फाइव्हने यादी पुसली जायची. दमयंतीने पुस्तिकेवर विश्वास ठेवला होता.

'तुमची पुस्तिका शिळी झाली आहे,' तिने लिहिलं होतं. 'ती मी सांभाळीन. चालेल का?'

अठ्ठ्याण्णव सालचा माघ असेल. उद्धव निर्मलच्या बसस्थानकावर नोटीस चिकटवत होता. 'ग्रंथपेटीच्या पुस्तिकेसाठी स्वयंसेवक हवेत. मोबदला नाही. रविवारी सकाळी, कॉलेजची संगणक खोली.' वाऱ्याने कागद सुटला आणि मागून काचेच्या बांगड्यांचा एक हात त्यावर येऊन टेकला.

"एवढा डिंक काऊन लावून राह्यले?"

"वारा आहे ना... म्हणून."

तिने सावकाश नोटीस वाचली. "मोबदला नाही म्हणता. मग येईल कोण?"

"येतील... कुणीतरी."

"मी तर मागंच विचारलं होतं. उत्तर नाही आलं."

"हरवलं असेल टपालात," उद्धव घाईघाईने म्हणाला. "मुधोळचं टपाल म्हणजे—"

"मी मुधोळची, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

डिंक उद्धवच्या चपलेवर ठिबकत राहिला. ती हसली नाही. हसू डोळ्यांतच ठेवून बसकडे निघून गेली.

रविवारी दोघंच आले. एक दमयंती. दुसरे नागोराव, निवृत्त पटवारी. स्वयंसेवकांना टोपी आणि जेवण मिळतं, अशी त्यांची समजूत होती.

"टोपी नाही?"

"चहा आहे," उद्धव म्हणाला.

नागोराव चहासाठी थांबले. त्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता, म्हणूनच दमयंतीने त्यांना खुर्चीत बसवलं. "पुस्तिका वाचून काकांना जमलं, म्हणजे साऱ्या जिल्ह्याला जमेल."

नागोरावांनी पुस्तिका सरकारी हुकमासारखी पाळली. 'थोडा वेळ थांबा' असं आलं आणि ते हाताची घडी घालून बसले. पडद्यावर यादी येऊन गेली, चहा येऊन निवला. ते हलले नाहीत.

"काका, झालं ते," उद्धव म्हणाला.

"हुकूम थांबायचा आहे. उठायचा कुठं आहे?"

दमयंती तोंडाला पदर लावून हसली, आणि उद्धव ओळ खोडायची विसरून तिच्याकडेच बघत राहिला.

"'यादी दिसेपर्यंत थांबा' असं लिवा, सर," ती म्हणाली. "काही लोकांचा थोडा वेळ लई मोठा असते."

मग रविवार मुधोळच्या बसने येऊ लागले. तिच्या डब्यात ज्वारीची भाकर असे, शेंगदाण्याची चटणी असे. कधी एकाच कळीवर दोघांची बोटं जात... आणि ती कळ कुणीच दाबत नसे. नागोराव खिडकीबाहेर बघत.

पण चुका संपत आल्या. उद्धव मुद्दाम एखादी ठेवून देई; ती शोधून काढी.

"पुस्तिका संपली," एका रविवारी तिने शेवटचं पान सरळ केलं. "पुढच्या सोमवारी नांदेडहून स्थळ येऊन राह्यलं. मामा म्हणते, आता नाही म्हणायला काय कारण आहे?"

"मग... काय आहे?"

"एका पत्राचं उत्तर यायचं राह्यलं, एवढंच."

"ते मी आत्ताच सांगतो—"

"तोंडी नको. तोंडी बोलताना तुम्हीच टपालात हरवता."

संध्याकाळी ती मुधोळच्या बसमध्ये चढली. उद्धव खिडकीखाली जाऊन उभा राहिला. "पाकिटावर... नावाच्या आधी काय लिहू?"

"सध्या कु.," ती म्हणाली. "पुढचं तुमच्या हाती."

मंगळवारी सकाळी त्याने लिहिलं:

'कु. दमयंती यांस, सप्रेम नमस्कार.

पुस्तिका सांभाळीन, चालेल का, असं आपण विचारलं होतं. चालेल. पण लिहिणाराही सोबत घ्यावा लागेल. तोही फार दिवसांत कुणी सुधारलेला नाही. मोबदला नाही. आपल्या उत्तराची वाट पाहीन. किती वेळ, तेही लिहितो: रविवारी मुधोळची पहिली बस येईपर्यंत.'

'सप्रेम' त्याने खोडलं नाही.

टपालपेटीपाशी नागोराव भेटले. उद्धवचं पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि बोटं घट्ट.

"सोडा की, मास्तर."

"सोडतो, काका... थोडा वेळ—"

"थोडा म्हणजे किती, ते लिवा."

उद्धवने बोटं सोडली.