खोटंच हवंय मला

"ताई, ते खोटं आहे."

जुन्या वस्तूंच्या दुकानात मी हातातला ब्रोच उलटा करून मागची सही शोधत होते. मान वर न करताच म्हणाले, "ठाऊक आहे. म्हणूनच घेतेय. आणि मी कुणाची ताई नाही."

"नाही... म्हणजे, मी सराफ आहे, म्हणून राहवलं नाही. सोनं नाहीये त्यात. खडेही काचेचे."

"माझी आजी तरुण होती तेव्हा एका डिझायनरने हा घडवला आणि मागे सही केली. तुमच्या सोन्यावर असते कुणाची सही?"

"शिक्का असतो."

"शिक्का धातूचा. सही माणसाची."

तो वाकून ब्रोचकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "सगळ्यांना असं मागूनच बघता?"

"पुढून सगळेच बरे दिसतात."

"मग मी वळू का?"

मी वर बघितलं. हसरे डोळे, गळ्यात बोटभर जाड साखळी. मला हसू फुटलं, आणि तिथेच मी फसले.

मग मी डोळे तपासते त्या चष्म्याच्या दुकानात तो वरचेवर टपकू लागला. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचायचा आणि म्हणायचा, "पुसट दिसतंय... जरा जवळून तपासा ना." मीही शहाणी, तपासायचे.

माझ्या खोट्या दागिन्यांच्या संग्रहातल्या सगळ्यात लाडक्या हाराची कडी तुटली, तेव्हा तो मी त्याच्याकडेच दिला. दुसऱ्या दिवशी तो आला तो पांढराफटक चेहरा घेऊन. कडी झकास बसवली होती, पण खडे काळे पडले होते. दागिना परत देताना गरम साबणाच्या पाण्यात धुऊन द्यायचा, ही त्यांच्या पेढीची रीत. सोन्याला काही होत नाही. पण माझ्या काचेच्या खड्यांमागे चंदेरी वर्ख असतो, त्यात पाणी शिरलं की संपलंच. हे सराफाला कुठून ठाऊक असणार?

"खडे आपोआप काळे पडले असं सांगता आलं असतं," तो म्हणाला. "पण... मीच बुडवला. तुला खूश करायला गेलो."

मी भांडले. कडाकडा भांडले, रडलेसुद्धा. तो समोर उभा राहून ऐकत होता, एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्याने. रडता रडताच मला कळून चुकलं, हा मला हवाय.

लग्नाचं बोलायला तो आईवडिलांना घेऊन आमच्या घरी आला. सगळं गोडीत चाललं होतं. मग त्याची आई म्हणाली, "मुलगी आवडली आम्हाला. फक्त ती खोट्या दागिन्यांची पेटी लग्नाआधी कुणाला तरी देऊन टाकावी. सराफाची सून खोटं घालून पेढीवर दिसली, तर गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवायचा?"

माझ्या आईने मला चिमटा काढला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मला तो कधीच लागू पडलेला नाही.

"मी येईन ती पेटीसकट," मी म्हणाले. "नाहीतर येणार नाही."

त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. हो म्हणाले असते तर तो मिळत होता... आणि आता बहुतेक गेला.

तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. त्याने गळ्यातली साखळी काढून टेबलावर ठेवली होती.

"हे काय?" त्याची आई.

"सोन्याशिवाय मी तुमचा मुलगा वाटतो का, ते बघा. वाटत असेन, तर तीही सून वाटेल."

त्याचे वडील खिडकीबाहेर बघू लागले. आई मात्र त्याच्या गळ्याकडेच बघत राहिली. "ओकाबोका दिसतोयस," ती शेवटी म्हणाली.

मी ताडकन आत गेले, पेटी उघडली आणि हिरव्यागार काचेचा एक गलेलठ्ठ बेडूक घेऊन बाहेर आले. सगळ्यांच्या देखत तो त्याच्या शर्टाच्या खिशावर टोचला. त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता.

"खरा आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग राहू दे."

त्याच्या आईने डोळे बारीक करून बेडकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बेडकाकडे.

"अगं, निदान सरळ तरी लाव," ती म्हणाली. "वाकडा बसलाय."

मी तो वाकडाच ठेवला.