संपल्याची ओळ

ही गोष्ट घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती योगिता आजही बीडला राहते. तिच्या तोंडून मी ती दोनदा ऐकली. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

अशा गोष्टींत अमावस्या असते, ओसाड विहीर असते. इथे तसलं काही नाही.

बुधवार होता. दुपारचे पावणेचार. बीडच्या एसटी स्टँडमागे, एका कोचिंग क्लासच्या वरची खोली. खाली अकरावीचे सर माईकवर गणित शिकवत होते. रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते. डोक्यावर पंखा करकरत होता.

खोलीत योगिता होती, आणि तिच्या हाताखाली टायपिंग करणारी ऋतुजा.

योगिताचे वडील म्हणजे गहिनीनाथ महाराज, नेकनूरकडचे कीर्तनकार. गळा असा, की पहिला सूर लागला की तव्यावरची भाकरी करपली तरी बाया उठायच्या नाहीत. बरोबर एक वर्षापूर्वी, गावच्या सप्ताहात, उभ्या कीर्तनात ते कोसळले. दवाखान्याच्या वाटेवरच गेले.

योगिता तेव्हा याच खोलीत होती. फोन सायलेंटवर होता.

तेव्हापासून तिच्या आत काही हललं नाही. दहाव्याला, तेराव्याला लोक तिच्या गळ्यात पडून रडले. ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला रडू आलं नाही. राग आला नाही. सकाळी उठायचं, डबा भरायचा, काम करायचं. एवढंच.

काळजी होती ती आईची.

साखराबाईंनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "कीर्तन अर्धं ऱ्हायलंय. ते पुरं झाल्याबिगर मी दोन टायमाला जेवायची न्हाई. आन् कीर्तन चालू आस्ताना कुणी आडवं होतं का?"

ती वर्षभर दुपारी अर्धी भाकरी खात होती. रात्री भिंतीला टेकून, बसून झोपत होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. गळ्यातली तुळशीची माळ पोटापर्यंत लोंबायला लागली. डॉक्टरांनी योगिताला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, असंच चाललं तर आई हाताला लागणार नाहीत."

म्हणून गावाने ठरवलं. गुरुवारी वर्षश्राद्ध. त्या दिवशी दुसऱ्या एका कीर्तनकाराने, त्रिंबक महाराजांनी, कीर्तनाला उभं राहायचं, आणि गहिनीनाथ महाराज ज्या शब्दावर थांबले, तिथून पुढे ते पुरं करायचं.

तो शब्द कोणता, हे योगिताने सांगायचं होतं.

कारण महाराजांची दोनशे चौदा कीर्तनं तिच्याकडे होती. लोकांनी फोनवर रेकॉर्ड केलेली. ऋतुजा ती ऐकून टाइप करायची, आणि प्रत्येक भागाला खुणा लावायची. ज्याला टॅग म्हणतात. इथे कीर्तन उघडलं, इथे अभंग उघडला, इथे अभंग बंद, इथे कीर्तन बंद.

ती फाईल वाचायला योगिताने एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला पार्सर म्हणतात. त्याचं काम साधं. फाईल वरून खाली एकदाच वाचायची. टॅग उघडला की स्क्रीनवर ओळ द्यायची, 'सुरू'. मधे शब्द आले की 'मजकूर', किती अक्षरं ते, आणि पुढे ते शब्द. टॅग बंद झाला की 'संपलं'. प्रत्येक ओळीपुढे वेळ. मागचं काही लक्षात ठेवायचं नाही. मागे वळायचं नाही.

नियम एकच. जे उघडलं ते बंद झालंच पाहिजे. नाही झालं तर पार्सर चूक दाखवतो आणि थांबतो.

दोनशे तेरा फाईली वाचून झाल्या होत्या. एकही चूक नाही.

शेवटची राहिली होती, महाराज कोसळले त्या दिवसाची. योगिताने ती चालवली.

पहिलीच ओळ आली…

'सुरू:'

पुढे नाव नाही.

फाईलच्या डोक्यावर कधी कधी न दिसणारं अक्षर चिकटून येतं. तसलंच काही असेल. योगिताने तिकडे लक्ष दिलं नाही.

'सुरू: कीर्तन.'

'सुरू: अभंग.' 'संपलं: अभंग.' मग निरूपणाचा मजकूर धडाधड उतरला. आणि शेवटी महाराजांचं शेवटचं वाक्य. "माउली, आता एवढंच सांगतो, की"

बस. पुढे फाईल नव्हती.

आता चूक दाखवायला हवी होती. कीर्तन उघडलं होतं, बंद झालं नव्हतं.

चूक आली नाही.

"ऋतुजा, तू शेवटी बंदचा टॅग टाकला नाहीस?"

"न्हाई, ताई."

"का गं?"

"माझा हातच झाला न्हाई. महाराजांनी संपवलं न्हाई, मी कोण संपवणार? आन् तुमीच म्हणता, ऐकू येतं तेवढंच टाइप कर. शहाणपणा करू नको."

योगिता पुढे वाकली. स्क्रीनकडे बघत राहिली.

कारण तिथे…

'मजकूर: शून्य अक्षरं.'

चार सेकंद गेले.

'मजकूर: शून्य अक्षरं.'

पुन्हा चार सेकंद.

'मजकूर: शून्य अक्षरं.'

फाईल संपली होती. तरी पार्सरला काहीतरी येत होतं. रिकामं. पण येत होतं.

तिने प्रोग्राम थांबवला. फाईल उघडली आणि स्वतःच्या हाताने शेवटी बंदचा टॅग टाकला. कीर्तन बंद. सेव्ह केलं. ऋतुजाला दाखवलं.

"दिसतोय ना टॅग?"

"दिसतोय की."

पुन्हा चालवलं.

पहिली ओळ तीच. 'सुरू:'. नाव नाही. मग कीर्तन, अभंग, निरूपण. "आता एवढंच सांगतो, की"

आणि…

'मजकूर: शून्य अक्षरं.'

संपल्याची ओळ आलीच नाही. टॅग फाईलमध्ये होता, डोळ्यांना दिसत होता. पार्सर तिथपर्यंत पोचतच नव्हता.

"ताई," ऋतुजा हळूच म्हणाली, "लाईट गेली का?"

योगिताने वर बघितलं. पंखा फिरत होता.

त्याचा आवाज येत नव्हता.

खालच्या सरांचा आवाज नव्हता. रिक्षावाल्यांचा नव्हता. एसटीचा हॉर्न नव्हता. भर दुपारी, स्टँडमागच्या त्या खोलीत, काहीच ऐकू येत नव्हतं.

मग…

टण्.

एकच तार. कीर्तनात मागे वीणा वाजते, तशी.

स्क्रीनवर ओळ आली. 'मजकूर: शून्य अक्षरं.'

चार सेकंद.

टण्.

ऋतुजाने योगिताचा हात घट्ट धरला. "ताई, वीणा कोण वाजवतंय?"

आणि एकदम सगळा गोंगाट परत आला. पंखा करकरला. खालून सरांचा आवाज, "मागचे बाक, लक्ष आहे का?"

ऋतुजा रडायला लागली. योगिताने तिला पाणी दिलं. तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. तिने फक्त फोन उचलला आणि म्हाळूकाकांना लावला.

म्हाळूकाका म्हणजे गावातले मेंढपाळ. दिवसभर मेंढरांमागे, आणि कीर्तन असलं की महाराजांच्या मागे वीणा घेऊन उभे. तीस वर्षं. त्या दिवशीही तेच होते.

"काका, बाबा पडले तेव्हा वीणा कुठं होती?"

"कुठं आसंल? माझ्या गळ्यात." मागे मेंढरं ओरडत होती. "गाडीत बसलो तवाबी गळ्यातच. आजबी भुईवर ठिवली न्हाई. देवळात खुंटीला हाय. कीर्तन पुरं व्हायच्या आधी वीणा खाली ठेवत न्हाईत, बाई. कावून इचारती?"

"इथं माझ्याकडं एक चालू झालंय. थांबत नाहीये."

काका मेंढरांपासून लांब आले.

"मंग थांबवू नगं," ते म्हणाले. "उचल आन् घिऊन ये. खाली ठिवू नगं म्हंजे झालं."

योगिताने लॅपटॉप बंद केला नाही. झाकण मिटलं की तो झोपतो, म्हणून उघडाच हातावर घेतला आणि नेकनूरच्या गाडीत बसली.

कंडक्टर तिकीट फाडताना वाकून बघू लागला. "काय मॅडम, पिक्चर लावलाय का?"

"कीर्तन आहे."

"मंग आवाज सोडा की. आमीबी ऐकू."

"आवाज येत नाही," ती म्हणाली.

कंडक्टरने स्क्रीनवर ओळी सरकताना बघितल्या. पुढे सरकला. उरलेल्या वाटेत तो तिच्याकडे फिरकला नाही.

घरी आल्यावर साखराबाईंनी एवढंच विचारलं, "कुठं थांबलेत?"

"'आता एवढंच सांगतो, की'. इथं."

"हां," आई म्हणाली. "बराबर. तिथंच." आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

रात्रभर लॅपटॉप योगिताच्या मांडीवर चालू होता.

गुरुवारी सकाळी दहाला देवळापुढे मांडव भरला. माईकवाल्याच्या बोर्डावरून चार्जरला वायर घेऊन योगिता बायांमध्ये बसली, मांडीवर लॅपटॉप. शेजारी आई. म्हाळूकाकांनी खुंटीवरची वीणा उतरवून गळ्यात घातली. त्रिंबक महाराज उभे राहिले.

गजर झाला. टाळ वाजले. मांडव हलला म्हणा ना. ज्याने तो नाद ऐकलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तोच अभंग, तेच निरूपण. दोन तास. मग त्रिंबक महाराज त्या वाक्यापाशी आले.

"माउली, आता एवढंच सांगतो, की…"

आणि थांबले.

हात जोडले. "मायबापहो, हे वाक्य पुरं करायची माझी लायकी नाही. जागा त्यांची. मोकळी ठेवतो."

टाळ थांबले. मृदंग थांबला. एकटी वीणा वाजत राहिली.

टण्.

टण्.

योगिताने आईकडे बघितलं. आई मान डोलवत होती. एखादा समोर बोलत असावा आणि पटत असावं, तशी. ओठांवर हसू होतं. मधेच "हां," म्हणाली. "आस्सं."

मिनिटभराने पुन्हा गजर उसळला. कीर्तन पुरं झालं. आरती झाली. म्हाळूकाकांनी वर्षभराने वीणा खाली, देवापुढे टेकवली आणि मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला.

"काय गोड बोलले," आई म्हणाली.

"त्रिंबक महाराज?"

"त्ये कशाला? तुजे बाबा. तुला ऐकू न्हाई आलं व्हय?"

योगिताने स्क्रीन बघितली.

बारा वाजून चार मिनिटं…

'मजकूर: एकेचाळीस अक्षरं.'

पुढे मजकुराची जागा कोरी होती.

त्याखाली, बारा वाजून एकवीस मिनिटं. 'संपलं: कीर्तन.'

त्याखाली काहीच नाही. शून्य अक्षरांच्या ओळी थांबल्या होत्या.

योगिताने एक लांब श्वास सोडला. वर्षातला पहिला. पंगतीत आईच्या ताटात तिने स्वतः वाढलं. आईने खीर खाल्ली. पुरी खाल्ली. "आजून घाल गं," म्हणाली. बाया डोळे पुसत होत्या.

सगळं आवरलं. आई घरात आली.

"आता जरा आडवी व्हते," ती म्हणाली.

योगिताने चटई अंथरली. वर्षभराने आई पाठ टेकून निजली. योगिताने अंगावर चादर घातली, आणि कोपऱ्यातला लॅपटॉप आवरायला घेतला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की प्रोग्राम अजून चालूच आहे.

कीर्तन संपलं, मग हा कशाची वाट बघतोय?

तिने ओळी वर सरकवल्या. अगदी वर. पहिली ओळ.

'सुरू:'. नाव नाही.

कीर्तनाच्याही आधी काहीतरी उघडलं होतं. आणि जे सगळ्यात आधी उघडतं, ते सगळ्यात शेवटी बंद होतं. आतलं बंद होईपर्यंत बाहेरचं बंद होत नाही. हा नियमच आहे. तिनेच ऋतुजाला तो दहादा शिकवला होता.

ती पुन्हा खाली आली.

तिच्या डोळ्यांदेखत…

'संपलं:'

नाव नाही. वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

प्रोग्राम आपोआप थांबला.

घरात आवाज नव्हता. श्वासाचासुद्धा.

ती उठली नाही. मागे वळून बघितलं नाही. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. कारण मागे काय आहे ते तिला कळलं होतं.

लोक म्हणाले, सोनं झालं. कीर्तन ऐकून, जेवून, झोपेत गेली. एवढं पुण्य कुणाच्या वाट्याला येतं? मीही तेच म्हणत आलो… खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. परवापर्यंत.

परवा बीडला योगिताच्या खोलीवर गेलो होतो. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी इन्व्हर्टर. त्याच्याही शेजारी दुसरा इन्व्हर्टर.

"एवढे कशाला?"

"उन्हाळ्यात एका बियाण्यांच्या दुकानाची फाईल आली होती," ती म्हणाली. "मालाची यादी. चालवली. पहिली ओळ आली, 'सुरू'. पुढे नाव नाही."

"मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून चालू आहे. कुणाचं ते लिहिलेलं नाही."

"बंद करून टाक की."

"मी नाही बंद करत," ती म्हणाली. सरळ आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी. "आणि ते आपलं आपण बंद होऊ नये, एवढंच बघते."

मी विषय बदलला. चहा झाला. ती ऋतुजाच्या लग्नाचं सांगत होती, आणि सांगताना तिचं एक बोट मांडीवर टेकत होतं. हलकं. वीणेच्या तारेवर पडावं तसं.

मी न राहवून मोजलं.

चार सेकंदांनी एकदा.