आठ दिवसांचं लंडन

"बोट चारला सुटते, सायेब. भावोजी मला माहेरी वरसोव्याला धाडतायत. त्याआधी सांगा, माझ्या नवऱ्यानं मला खरंच टाकलं का?"

तुळशीने विचारलं. दारात तिचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. अलिबागचे खासगी तपासनीस शिवदास प्रधान रेवसच्या कोळीवाड्यात पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. सोबत त्यांचे स्नेही मोरू मास्तर होते. त्यांची धाप अजून ओसरायची होती.

तुळशीचा नवरा धर्मा लंडनच्या गोदीत कामाला होता. सात महिने त्याचं पत्र नव्हतं आणि परवा एकदम हे आलं : 'आय एक तारखेला गेल्याचं कळलं. मी इथे केस उतरवले. मी इथेच लग्न केलं आहे, परत येणार नाही. तुळशीने माहेरी जावं. मचवा चंदरने चालवावा.'

"अक्षर त्याचंच?" शिवदासांनी विचारलं.

"त्याला लिवता येत न्हाय. सोबतचा कुनीतरी लिवून देतो. मलाबी वाचता येत न्हाय. भावोजींनीच वाचून दावलं."

पाकिटावर लंडनचा शिक्का होता चार डिसेंबरचा आणि रेवसचा बाराचा.

पोस्टमन कोंडाजीला बोलावलं. "विमानाचं टपाल हाय, सायेब," तो म्हणाला. "बंद पाकीट चंदरच्या हातात दिलं. या घरची समदी पत्रं तोच घेतो."

धाकटा दीर चंदर अंगणात जाळं विणत होता. आईच्या दहाव्याला केस उतरवलेलं त्याचं डोकं अजून तुळतुळीत होतं.

"आई गेल्याची तार केलीत?"

"तार कशाला? त्याच दिशी पत्र टाकलं, विमानाचं. उडालं की पोचलं!"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "विमान म्हणजे काय बैलगाडी आहे?"

शिवदासांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. तुळशी पदराचं टोक पिळत होती.

"मास्तर, लंडन पाच हजार मैलांवर आहे. विमान वाटेत ठिकठिकाणी उतरतं, मुक्काम करतं. तिकडून पत्र यायला आठ दिवस लागले, शिक्केच सांगतात. जाणाऱ्या पत्राला तेवढेच धरा. एक तारखेला टाकलेलं पत्र नऊला पोचेल. मग चार तारखेला निघालेल्या पाकिटात आईचं मरण आलं कुठून?"

शिवदास चंदरकडे वळले.

"पाकीट लंडनचं, कागद इथला. ते बंद आलं आणि चंदरच्या हाती पडलं. धर्मा थोरला, तो परतला की मचव्याचं सुकाणू त्याच्याकडे जाणार. चंदर, आईच्या मरणाचं आणि केसांचं गाळलं असतंस तर मी हात हलवत परत गेलो असतो. का लिहिलंस?"

चंदरने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग पुटपुटला, "थोरला ल्योक. आयसाठी त्यानं केस उतरवलं न्हाय, असं कसं लिवू?"

त्याने माळ्यावरून पत्रांचा जुडगा काढून दिला. मास्तरांनी सर्वांत ताजं पत्र वाचलं. 'चैत्रात येतो. तुळशी, काळजी करू नकोस. आयला सांग, तिच्यासाठी लोकरीची शाल घेतली आहे.'

चैत्र ऐकून तुळशीचा चेहरा उजळला होता. शालीचं ऐकून मात्र ती रडू लागली.

"आई गेल्याचं पत्र तरी टाकलंस का रे?" शिवदासांनी विचारलं.

चंदरने नकारार्थी मान हलवली. ती खबर मिळताच धर्मा परत आला असता.

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. तुळशीने गाठोडं उचलून घरात ठेवलं आणि मास्तरांपुढे कागद सरकवला.

"लिवा मास्तर. आज टाकलं तर कधी पोचंल?"

"आज चौदा. बावीसला."

तुळशीने डोळे पुसले.

"म्हंजे अजून आठ दिस त्याची आय जित्ती हाय."