अजून थोडं अडकलंय

दोरी ओढून ओढून दीक्षाचा खांदा भरून आला, पण बर्फ उडवून वाट काढणारा स्नोब्लोअर काही दाद देईना. अगदीच देत नव्हता असंही नाही. चोक पूर्ण ओढला की फुरफुरत सुरू व्हायचा, दीक्षा खूश व्हायची, आणि चोक सोडला की लगेच मान टाकायचा.

इंग्लंडातल्या बक्स्टनच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या या गावात भीमरावकाकांनी घर घेतलं तेव्हा हे लाल धूड गॅरेजमध्ये घराबरोबरच मिळालं होतं. कौन्सिलचा ग्रिटर ट्रक खालच्या मोठ्या रस्त्यावर मीठ टाकून निघून जायचा. वरच्या गल्लीत ज्याचं बर्फ त्याने बघावं. आणि काकांच्या दारात आज गुडघाभर बर्फ होतं.

"उद्या पाहुण्यांची गाडी थेट दारापर्यंत आली पाहिजे," काकांनी चहाच्या टेबलावरूनच फर्मान काढलं होतं. त्यांची स्वतःची कंबर धरलेली. पुतणी दीक्षा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, पण तिने सांगितलेले व्यायाम काका कधीही करत नसत.

शेवटी दीक्षाने बाबांचा नागपुरी उपाय काढला. त्यांची जुनी स्कूटर सुरू झाली नाही की ते तिला एका बाजूला कलती करायचे, पुन्हा सरळ करायचे आणि किक मारायचे. दीक्षाने हँडल धरलं, गुडघा टेकवला आणि सगळं धूड कलतं केलं.

"ए! नो, नो, नो... ठेव खाली!"

समोरच्या घरातला मुलगा बर्फातून ढांगा टाकत येत होता. पायात मोजे, मोज्यांवर चपला. ऑक्टोबरात भाड्याने राहायला आला तेव्हापासून कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवताना दोघं एकमेकांना मान हलवून हॅलो म्हणत. तेवढीच ओळख. मराठीत ओरडेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तू... मराठी?"

"नॉटिंगहॅमचा मराठी. सम्यक." तो धापा टाकत म्हणाला. "माझा बाबा पण असंच करायचा. लॉनमोअरला. त्याने आमची लॉनमोअर अशीच मारली."

"मारला," दीक्षाने त्याचं मराठी सुधारलं.

"हो, मेला पण."

"मी दीक्षा," तिने सांगितलं, पण तिला हसू आवरेना. तोवर मशीनखालच्या बर्फावर पिवळा डाग पसरला होता आणि पेट्रोलचा भपकारा आला होता. सम्यकने गुडघे टेकले, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि तिच्याकडे वर बघत विचारलं, "सिम्प्टम्स काय?"

हा प्रश्न रोज तीच लोकांना विचारायची. तिने नीट सांगितलं — चोक ओढला की चालतं, सोडला की बंद.

"पेट्रोल कधी भरला होता?"

"मागच्या हिवाळ्यात. काकांनी टाकी फुल करून ठेवली होती. आतून गंजू नये म्हणून."

"म्हणजे वर्षभर त्याचा आतमध्ये गोंद झाला." त्याने सुस्कारा सोडला. "कार्बोरेटर खोलायला लागेल. माझ्याकडे टूल्स आहेत. तू टॉर्च धरशील?"

तो गावच्या शाळेत मुलांना डिझाइन-टेक्नॉलॉजी शिकवायचा. टूल्स घेऊन परतला तेव्हा पायात बूट होते आणि केस घाईघाईने विंचरलेले होते. दीक्षाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

दोघांनी धूड गॅरेजच्या उघड्या दारापाशी ओढलं. त्याने कार्बोरेटरखालचा बोल्ट सोडवला, तशी पितळी वाटी अलगद त्याच्या हातात आली. आत पिवळट, चिकट गाळ साचला होता. बोल्टच्याच पोटात एक बारीक भोक होतं.

"हा जेट. इंजिनला पेट्रोल इथून जातो. हाच चोंदलाय. चोक ओढला की हवा कमी, म्हणून कसंतरी चालते. चोक सोडला की... उपाशी."

"बिचारं."

"तू पेशंटला पण असंच बिचारं म्हणतेस?"

"पेशंटला ओरडते. बिचारं फक्त मशीनला म्हणते."

"मग मला काय म्हणशील?"

दीक्षाने टॉर्चचा झोत सरळ त्याच्या डोळ्यांवर मारला. तो हसत मागे सरकला आणि जुन्या वायरीतून तांब्याची एक तार सोलू लागला. त्याचे कान थंडीने लालबुंद झाले होते. दोन्ही हातांनी ते झाकावेत असं तिला एकदम वाटून गेलं, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. एका सकाळच्या ओळखीवर हे काय भलतंच!

"एवढी घाई कशाला पण?" तार भोकात घालत त्याने विचारलं. "मंडेपर्यंत बर्फ वितळेल."

"उद्या पाहुणे येताहेत. मेडनहेडहून." ती थांबली. "मुलगा... मला बघायला."

सम्यकचा हात जागीच थांबला. मग पुन्हा चालू लागला, पण सावकाश.

"चांगला आहे?"

"फोनवर तरी चांगला वाटला. अपूर्व नाव आहे. काकांना फार आवडलाय." ती आवाज खाली आणत म्हणाली, "बाबा गेल्यावर माझं शिक्षण, इथे येणं, सगळं काकांनीच केलं. आजवर त्यांनी माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. हे पहिलंच. आणि नाही म्हणायला माझ्याकडे काही कारणसुद्धा नव्हतं."

'नव्हतं' हे आपण 'नाही'च्या जागी बोलून गेलो, हे तिच्या लक्षात आलं. त्याच्या आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्याने जेटवर क्लीनरचा फवारा मारला, फुंकर घातली आणि जेट तिच्यापुढे धरला.

"बघ. पलीकडचा दिसतोय?"

दीक्षाने एक डोळा मिटला. भोक लख्ख मोकळं होतं. पलीकडे उजेडाचा स्वच्छ ठिपका दिसत होता. आता वाटी बसवायची, ताजं पेट्रोल घालायचं, मशीन सुरू, रस्ता साफ, आणि उद्या मेडनहेडची गाडी दारात.

"अजून थोडं अडकलंय," ती म्हणाली.

त्याने जेट घेतला. तार घातली, फवारा मारला, पुन्हा तिच्या हातात दिला. या वेळी बोटांना बोटं लागली ती लगेच सुटली नाहीत.

"आता?"

"अंहं... थोडंसं आहे."

तिसऱ्यांदा जेट हातात घेताना सम्यक तिच्याकडे न बघताच म्हणाला, "दीक्षा, हा पहिल्याच वेळेला साफ होता. मी आधीच बघितला होता."

तिचा चेहरा तापला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू अडकलंय म्हणालीस ना." तो जरा घुटमळला. "मला पण घाई नव्हती. पण काकांचा काम आहे, मुद्दाम बिघडवून मला ठेवता येणार नाही."

त्याने वाटी नीट बसवली, बोल्ट आवळला, टाकीतलं जुनं काढून ताजं पेट्रोल घातलं, सांडलेलं पुसून उडू दिलं. दोरीच्या दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. त्याने हळूहळू चोक सोडला, तरी ते चालतच राहिलं. सम्यकने टूल्स गोळा केली, "ऑल द बेस्ट" म्हणाला आणि बर्फात उमटलेल्या आपल्याच पावलांवर पाय देत घरी निघून गेला. त्याचं दार लागेपर्यंत दीक्षा तिकडेच बघत राहिली.

आवाज ऐकून काका बाहेर आले. त्यांचा चेहरा फुलला होता. "वा! आता फटाफट खाली वळणापर्यंत मोकळं कर."

दीक्षाने इंजिन बंद केलं. "काका, मेडनहेडला फोन करून येऊ नका म्हणून सांगा. नाहीतर मीच अपूर्वशी बोलते. ते जास्त बरं."

"काय झालं?"

"मला हे लग्न नाही करायचं. तुमचं मन मोडतेय, कळतंय मला. पण हो म्हणून तुम्हाला फसवणं त्याहून वाईट."

काकांच्या चष्म्यावर वाफ धरली, ती त्यांनी मफलरने पुसली. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी मलाच माहीत नव्हतं."

"आधी म्हणजे कधीपर्यंत?"

"आज सकाळपर्यंत."

काकांनी मशीनकडे बघितलं, मग समोरच्या घराकडे जाणाऱ्या पावलांकडे. तोंड कडूच होतं. "मी काही मागितलं, म्हणजे तुला विकत घेतलं नव्हतं गं," ते म्हणाले. "आत ये. तू बोल त्या पोराशी. मग मी त्याच्या वडिलांशी बोलतो."

फोन झाला. अपूर्वने शांतपणे ऐकून घेतलं आणि खरं सांगितल्याबद्दल थँक्यू म्हटलं. काका मात्र मफलर न काढताच खुर्चीत बसून राहिले. मग दीक्षा बाहेर आली, दोरी ओढली आणि हँडल फिरवलं. खाली वळणाच्या दिशेने नाही, गल्ली ओलांडून सरळ समोर. पांढरा फवारा उडत राहिला आणि काकांच्या दारापासून सम्यकच्या पायरीपर्यंत एक स्वच्छ वाट तयार झाली. मोठ्या रस्त्याकडचं बर्फ होतं तसंच होतं.

आवाजाने त्याने दार उघडलं. आधी वाट बघितली, मग तिला.

"पाहुण्यांचा रस्ता तिकडे आहे ना?"

"पाहुणे येत नाहीयेत." तिने इंजिन बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. "मला तू आवडतोस, सम्यक. एवढंच सांगायला आले."

तो मोज्यांवरच पायरी उतरला.