चंद्रावर ओतलेले वाळे

चांदी तीच, मेण तेच, मूस तीच आणि ओतणारा हातही तोच. मग दाणे गेले कुठं?

मृदा टेबलावर हनुवटी टेकवून समोरच्या वाळ्याकडं बघत होती. वाळा म्हणजे तान्ह्या बाळाच्या पायात घालायचं चांदीचं कडं. या वाळ्याच्या कडेनं जोंधळ्याएवढे एकवीस दाणे उठायला हवे होते. नीट उठले होते फक्त पाच. बाकीच्या ठिकाणी नुसते बोथट उंचवटे होते, कुणीतरी दाणे चोखून झिजवावेत तसे. हा दुसरा वाळा. सकाळी ओतलेला पहिलाही असाच निघाला होता.

मृदाचे आबा, म्हणजे आईचे वडील रंगनाथ पोतदार, महिन्यापूर्वी पृथ्वीवरून चंद्रावरच्या वस्तीत आले होते. लेकीला बाळंतपणाला माहेरी आणता येईना, म्हणून त्यांनी माहेरच उचलून इकडं आणलं होतं. त्यांच्या सामानात डिंकाचे लाडू होते, बाळंतविडा होता आणि मूठभर चांदी होती. पंचगंगेच्या काठी त्यांच्या घरात चार पिढ्या वाळे ओतले जात होते. बाजारात कुणी वाळा उलटसुलट करून दाणे मोजायचा आणि एकवीस भरले की म्हणायचा, हा पोतदारांचा. मृदा चंद्रावरच जन्मली होती, पण तिचे वाळे पृथ्वीवरून आले होते. आता तिच्या धाकट्या भावाचे वाळे इथंच ओतायचे, असं आबांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. बारसं तीन दिवसांवर होतं.

घाई बारशाची नव्हती, सूर्याची होती. चंद्रावर एक रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी लांब असते. ती रात्र सुरू झाली की वस्तीतली वीज जपून वापरावी लागते आणि सगळ्या भट्ट्या बंद होतात. सूर्य मावळायला आता सहा तास उरले होते. चांदी पुन्हा वितळवता आली असती, पण आणखी एकदाच.

आबांनी सकाळपासून सगळं रीतसर केलं होतं. आधी मेणाचा वाळा घडवला, दाण्यांसकट. त्याला वरच्या बाजूनं मेणाचीच एक कांडी जोडली. मग त्यावर बारीक मातीचा लेप दिला. गावाकडं नदीची माती आणि शेण कालवतात. इथं चंद्राची चाळलेली धूळ आणि प्लास्टर. शेणाला पर्याय काय, असं आबांनी विचारल्यावर वस्तीच्या कोठारवाल्यांनी सामानाची यादी तीनदा चाळली होती म्हणे. लेप पूर्ण वाळवायचा, कारण आत थेंबभर ओल राहिली तरी तापलेल्या धातूनं तिची वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. वाळलेला साचा तापवला की मेण वितळून कांडीच्या वाटेनं बाहेर पडतं. आत उरते वाळ्याच्या आकाराची पोकळी. तिच्यात चांदीचा रस ओतायचा, थंड होऊ द्यायचा आणि साचा फोडायचा. मेण गेलं, त्याच्या जागी चांदी आली.

हे सगळं धुराडं लावलेल्या काचेच्या पेटीत चाले. जड कामाला एक यंत्रमानव होता. त्याचं सरकारी नाव सहायक सात. पहिल्याच दिवशी त्यानं आबांची चहाची कपबशी हत्यारांबरोबर मोजून खोक्यात भरली, तेव्हापासून आबा त्याला ठोंब्या म्हणत. तोही ओ देई.

दुसरा वाळा बघून आबांनी तो टेबलावर ठेवला. त्यांनी चिमटे पुसले आणि कापडात गुंडाळायला घेतले. मृदानं विचारलं, तर म्हणाले की साचा थंड पडला असेल असं वाटलं म्हणून दुसऱ्या वेळी जास्त तापवला, आता आणखी काही सुचत नाही. बाळाला साधं तारेचं कडं करून देऊ. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं हा हात कधी खोटं बोलला नव्हता गं. हितं आला आणि परका झाला."

मृदाला आबांचा असा आवाज माहीत नव्हता. तिनं वाळा उचलला आणि भरलेले पाच दाणे बोटानं चाचपले. ते विखुरलेले नव्हते. एकमेकांना चिकटून ओळीनं होते, कांडीच्या बरोबर विरुद्ध बाजूला. तिनं सकाळचा वाळा आणला. त्यातही तसंच.

"आबा, साच्यात वाळा उभा असतो ना? मग हे पाच सगळ्यात खालचे."

आबांचे हात थांबले. ठोंब्यानं दोन्ही वाळे डोळ्यांपाशी धरले आणि मान्य केलं.

खालचेच का भरले? ठोंब्यानं समजावून सांगितलं. कुठल्याही द्रवाच्या तळाशी वरच्या थरांचं वजन येतं, म्हणून तिथं दाब (दर चौरस सेंटिमीटरवर पडणारा रेटा) जास्त असतो. टाकीला दोन भोकं पाडली तर खालच्या भोकातली धार लांब जाते, ती त्यामुळंच. मग त्यानं बशीवर पाण्याचे थेंब टाकले. ते गोल फुगून बसले. द्रवाच्या पृष्ठभागाला पृष्ठताण (ताणलेल्या पापुद्र्यासारखं आखडून राहण्याचं बळ) असतो. वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या दहापटीहून जास्त. दाण्यांची खळगी इवलीशी, चांदी आखडून बसते आणि तिच्यात शिरत नाही. तिला आत ढकलायला दाब लागतो. पृथ्वीवर चांदीचं स्वतःचं वजनच तेवढा दाब देतं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना स्वतःकडं ओढण्याचं बळ) पृथ्वीच्या एक षष्ठांश. चांदी तेवढीच, पण तिचं वजन सहावा हिस्सा. म्हणून फक्त तळाशी, जिथं वरच्या सगळ्या चांदीचा भार पडतो, तिथले पाच दाणे भरले.

आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हात खोटं बोलला नाही. हितली चांदीच हलकी."

मग कांडी सहापट उंच करू, असं मृदा म्हणाली. आबांनी नकारार्थी मान हलवली. एवढ्या उंच वाटेत चांदी मध्येच गोठेल आणि भरायला तेवढी चांदी तरी कुठं आहे?

तेवढ्यात घंटा झाली. मृदाची भोवरखोलीत जायची वेळ. चंद्रावरच्या मुलांची हाडं कमकुवत राहू नयेत म्हणून त्यांना रोज तासभर एका फिरत्या खोलीत खेळावं लागतं. पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तळाला दाबून बसतं. ही खोली अशीच गरगर फिरते, आणि आतला माणूस तिच्या कडेच्या जमिनीवर दाबला जातो. वेग असा ठेवलेला असतो की पृथ्वीवर भरेल तेवढंच वजन तिथं भरावं.

मृदाला तो तास आवडत नसे. पाय जड होत, पाठ दुखे. त्या दिवशी मात्र ती दहा मिनिटांत बाहेर पडली, आणि खोली सांभाळणाऱ्या फरझाना मावशीच्या हाका कानाआड करत घरापर्यंत पळत आली.

"आबा, तिथं मी जड होते. मग चांदीपण होईल."

आबांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग ठोंब्याकडं. ठोंब्या म्हणाला की होईल. मग आबांनी गुंडाळलेले चिमटे परत उलगडले.

फरझाना मावशीनं आधी साफ नकार दिला. ती म्हणाली, माझ्या खोलीत मुलं उलटी करतात तेवढं पुरे आहे, त्यात हजार अंशांची चांदी नको. मृदाच्या आईनं बाळाला मांडीवर घेऊनच फोन लावला आणि दोघींचं बरंच बोलणं झालं. शेवटी अटी ठरल्या. खोली रिकामी हवी. भट्टी आणि साचे जमिनीला बोल्टनं जखडायचे. आत फक्त आबा आणि ठोंब्या, दोघांच्या अंगावर उष्णतारोधक पोशाख. मृदा काचेबाहेर.

तिसऱ्या खेपेला दोन्ही वाळ्यांचं मेण नव्यानं घडवावं लागलं. वेळ कमी होता, म्हणून एक आबांनी केलं आणि दुसरं मृदानं. तिची जीभ ओठांबाहेर आली होती. मेणाचे दाणे बोटांच्या उबेनं सारखे चपटत होते. आबांनी तिला एकदाही घाई केली नाही. साचे मात्र ठोंब्याच्या झटपट वाळवणाऱ्या कपाटात ठेवले आणि तीन वेळा ओल तपासून घेतली.

सूर्य मावळायला चाळीस मिनिटं असताना खोली फिरू लागली. ठोंब्यानं एक धोका सांगितला होता. फिरत्या खोलीत वरून पडणारी धार सरळ पडत नाही, एका अंगाला सरकते. म्हणून मुशीची चोच (धातू वितळवायच्या भांड्याची ओतण्याची कड) साच्याच्या तोंडाला अगदी भिडवायची.

काचेबाहेरून मृदानं बघितलं. आबांनी चिमट्यात मूस धरली आणि ते क्षणभर थबकले. महिनाभर त्यांचे हात तरंगल्यासारखे उचलले जात होते. आता चिमटा त्यांच्या मनगटावर नीट जड झाला होता. त्यांनी चोच भिडवली आणि मनगट वळवलं. एक साचा. दुसरा साचा. धार कुठंही तुटली नाही.

साचे फोडताना मृदाला जवळ येऊ दिलं. मातीच्या खपल्या पडल्या, आबांनी पहिला वाळा ब्रशनं घासला आणि तिच्या हातात दिला. तिनं मोजलं. एकवीस. सगळे टपोरे, वरचेसुद्धा. आबा तो परत घेऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटून दाण्यांवरून बोट फिरवत राहिले.

मग मृदानं स्वतःचा वाळा मोजला. पुन्हा मोजला. तिचा चेहरा उतरला.

"बावीस झाले, आबा. मेणात एक जास्त लावला मी."

ठोंब्या लगेच कानस घेऊन आला. एक दाणा घासून काढायला दोन मिनिटं लागतील, म्हणाला.

"हात लावू नकोस, ठोंब्या," आबा म्हणाले.

बारशाला सगळी वस्ती घरात दाटली होती. बाळाचं नाव ठेवलं, क्षितिज. पाळण्याभोवती वाकून जो तो वाळे बघत होता आणि आबांचं कौतुक करत होता. फरझाना मावशीनं दाणे मोजले. दोन्ही पायांत सारखे नाहीत, असं तिनं मोठ्यानं म्हटलं. मृदा आईच्या पाठीमागं सरकली.

आबांनी तिला हात धरून पुढं घेतलं. खिडकीबाहेर चंद्राची लांब रात्र पसरली होती आणि पृथ्वी निळी दिसत होती. त्यांनी बाळाचा उजवा पाय तळव्यावर घेतला आणि सांगितलं की हे एकवीस पंचगंगेकाठच्या पोतदारांचे. मग डावा पाय घेतला.

"आणि हे बावीस चंद्रावरच्या पोतदारांचे. हे घराणं नवीन आहे. हिनं काढलंय."

दाणे आधी का भरत नव्हते, असं कुणीतरी विचारलं. आबांनी मृदाकडं बोट केलं. मृदानं एक बशी मागितली, तिच्यात पाण्याचा एक थेंब टाकला आणि सांगायला सुरुवात केली.