तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू

बुटात पाणी शिरलं म्हणून सुनिव्हा एका इमारतीच्या फाटकाच्या कमानीखाली थांबली, एवढंच. एका पायावर तोल सावरत ती डावा बूट उपडा करत होती, तोच कुणीतरी तिच्या हातात पानं ओढायचं लाकडी दाताळं ठेवलं.

“आलीस? तिसरा मजला नेहमीच उशिरा!”

समोर पिवळ्या रेनकोटातला एक तरुण. टोपीच्या कडेवरून थेंब ओघळत होते, आणि थेंबांच्या त्या झालरीआड दोन करडे डोळे हसत होते.

“मी… खरं म्हणजे मी—”

“नवी भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावरची. हो ना? मी आयविंद, तळमजला. बूट घाल आधी. कारणं नंतर सांग.”

त्याच्या मागे सगळं अंगण कामाला वाकलं होतं. कुणी पन्हळीतला गाळ काढत होतं, कुणी पायऱ्या घासत होतं. शरदातला दुगनाद होता, अख्ख्या इमारतीचं श्रमदान. आणि दुगनादाच्या दिवशी हातात दाताळं आलं, की नाही म्हणायचं नसतं. सुनिव्हाची आई तर अंगात ताप असताना गावचा धक्का रंगवायला गेली होती. सुनिव्हाने बूट चढवला आणि निमूट दाताळं धरलं.

सांगू, दोन पानं ओढली की सांगू, असं तिने मनाशी म्हटलं.

काय सांगायचं? की ती इथली नाही. पार उत्तरेच्या टोकाला, वार्दोच्या बेटावर तिचं घर. भटकंती संपवून आज संध्याकाळच्या बोटीने ती परत निघणार होती. हातात मोकळी दुपार होती, म्हणून ट्राममध्ये बसली, आणि बर्गनच्या या उपनगरात उतरली ती इथल्या शांततेला भुलून. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओली पानं पायाखाली हळूच हुंकार देत होती. तिच्या बेटावर झाडच नव्हतं. वारा उगवूच द्यायचा नाही. पानांच्या सड्यावरून चालणं तिला एखाद्याच्या अंथरुणावरून चालल्यासारखं वाटत होतं.

आणि आता तीच पानं तिला ओढायची होती.

“चढावर ओढतेयस?” आयविंद शेजारी येऊन उभा राहिला.

“मग कुठे ओढायची?”

“उतारावर. वर नेलेली परत खाली येतात, बघ.”

“येऊ देत. पुन्हा ओढीन.”

“म्हणजे काम संपवायचंच नाही तुला!”

“तुला घाई आहे का?” तिने विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःच लाजली.

त्याने दुसरं दाताळं आणलं. ते तिच्या दाताळ्याशेजारी टेकवून तो उगाच तिच्याच ढिगात पानं ओढू लागला. पाऊस कधी बारीक, कधी भरून. मधेच वाऱ्याची झुळूक यायची, मॅपलचं झाड अंग झाडायचं, आणि झाडलेल्या जागी पुन्हा सोनं सांडायचं. एक तांबडं पान सुनिव्हाच्या बाहीवर येऊन बसलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने ते खिशात टाकलं… पण आयविंद बघत होता.

“पान चोरलंस!”

“एकच.”

“आधीची दोन?”

ती खळखळून हसली. आणि मग तिच्या मनात आलं: याला वाटतंय मी उद्याही दिसेन, जिन्यात, फाटकात. आणि मी तर… खरं सांगितलं तर हे डोळे असेच हसतील का?

काम थांबलं तसा साच्यात भाजल्या जाणाऱ्या जाळीदार वाफेलचा खमंग वास अंगणभर पसरला. जिन्याखाली बाक मांडले होते. इमारतीच्या कारभारी बोर्गहिल्डकाकू प्रत्येकाच्या हातात गरम वाफेल देत होत्या, वर तपकिरी चीजचा पातळ पापुद्रा.

“घे गं पोरी. भरपूर राबलीस.”

ते ‘भरपूर राबलीस’ मात्र तिला सोसेना. तिने वाफेल खाली ठेवलं.

“काकू, मी इथे राहत नाही. मी तिसऱ्या मजल्यावरची नाही. बुटातलं पाणी काढायला थांबले होते. आज संध्याकाळी माझी बोट आहे.”

सगळ्यांचे कॉफीचे कप जागच्या जागी थांबले.

“तिसऱ्या मजल्यावरची?” बोर्गहिल्डकाकूंनी भुवया उंचावल्या. “अगं, तो मजला उन्हाळ्यापासून रिकामा आहे! मला वाटलं, तू या आयविंदची पाहुणी.”

सगळ्यांच्या माना आयविंदकडे वळल्या. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“काय रे, वाफेल करपलं म्हणावं की तुझे कान?” काकू म्हणाल्या, आणि बाकांवर हशा पिकला.

ट्रामच्या थांब्यापर्यंत आयविंद सोबत आला. 

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग का—?”

“तू एका पायावर उभी होतीस. बूट रिकामा झाला की निघून गेली असतीस.” त्याने ओल्या केसांतून हात फिरवला. “काय करून थांबवायचं तुला? माझ्या हातात नेमकं दाताळंच होतं.”

वळणावर ट्रामचा दिवा दिसला. सुनिव्हाने खिशात हात घातला. तीन पानं, उबेने मऊ झालेली. ट्राम आली, दार उघडलं. तिने पायरीवर एक पाय ठेवला… आणि मागे वळून त्या कमानीकडे पाहिलं. कमानीवरून मॅपल डोकावत होता, अजून निम्मा भरलेला.

“आयविंद, ती झाडावरची पानं कधी पडणार?”

“रात्रीतून पडतील. सकाळी अंगण पुन्हा भरलेलं असेल.”

“आणि गोळा कोण करणार?”

त्याचे करडे डोळे नुसते तिच्याकडे बघत राहिले, हसायचंही विसरून.

सुनिव्हाने पायरीवरचा पाय खाली घेतला.

“बोट काय, रोजच सुटते,” ती म्हणाली. “दाताळं कुठे ठेवलंयस?”

दार मिटलं. ट्राम निघून गेली.